गावच्या जमिनीतून गॅसची पाइपलाइन जाणार? मुंबईकर खातेदारांनी काय, कधी आणि कुठे करायचं

डोंबिवली, लालबाग, नालासोपाऱ्यात राहणाऱ्या आणि रायगड, रत्नागिरी, ठाणे, पालघरकडे वडिलोपार्जित जमीन असणाऱ्यांना ही बातमी बहुधा गावच्या फोनवरूनच कळते: कंपनीची माणसं आली, खाचरात खुंट्या मारून गेली. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "जमीन गेली." दुसरा म्हणतो, "चौपट पैसे मिळतील." दोघांचंही चुकतं.

मालकाचं नुकसान होतं ते मुदत हुकल्याने आणि पंचनाम्यात मोघम लिहिलं गेल्याने. "गणपतीला गावी गेल्यावर बघू" म्हणणाऱ्यांची हरकतीची मुदत गणपतीच्या आधीच संपलेली असते. म्हणून खालचा क्रम पाळा.

१. कागद कोणत्या कायद्याखालचा आहे ते बघा

तेल आणि गॅसच्या पाइपलाइनसाठी १९६२ चा पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन (जमिनीतील वापर हक्क संपादन) कायदा लागतो. कंपनी सरकारी असो की खासगी, कायदा तोच. यात जमीन संपादित होत नाही, तिच्या एका पट्ट्यातला वापराचा हक्क घेतला जातो. सातबारावर नाव तुमचंच राहतं, 'इतर हक्क' रकान्यात कंपनीची नोंद चढते.

महामार्गाच्या भूसंपादनात ऐकलेले चौपट दर इथे लागू होत नाहीत. आणि हा कायदाच अन्यायाचा आहे, या मुद्द्यावर कोर्टात जाऊन उपयोग नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आहे.

कागदांचा क्रम असा:

- कलम ३(१) ची अधिसूचना: वापर हक्क घेण्याचा सरकारचा इरादा. ही भारताच्या राजपत्रात येते, त्यात गाव, गट नंबर आणि क्षेत्र दिलेलं असतं.
- कलम ५: हरकती. मुदत २१ दिवस.
- कलम ६ ची घोषणा: हक्क सरकारकडे किंवा थेट कंपनीकडे जातो. ३(१) नंतर एका वर्षात ही घोषणा झाली नाही, तर आधीची अधिसूचना रद्दबातल होते. ही तारीख वहीत टिपून ठेवा, पुढे लागू शकते.

३(१) निघण्याआधी आलेल्या सर्व्हेवाल्यांना तुमच्या परवानगीशिवाय जमिनीत शिरण्याचा या कायद्याने अधिकार नाही. अधिसूचना निघाल्यावर मात्र कलम ४ प्रमाणे ते आत येऊ शकतात, मोजमाप घेऊ शकतात, खुणा रोवू शकतात, गरज पडल्यास उभं पीकही कापू शकतात. फक्त नुकसान कमीत कमी व्हायला हवं आणि झालेलं भरून द्यायला हवं. त्यामुळे दारात माणसं आली की पहिला प्रश्न एकच: "राजपत्राचा क्रमांक आणि तारीख काय?" उत्तर मिळालं नाही तर चहा द्या, सही देऊ नका. उत्तर मिळालं तर वाट अडवू नका. मुद्दाम अडथळा आणणं हा या कायद्यात गुन्हा आहे, त्याला तुरुंगवासाची तरतूद आहे, आणि भाऊ पोलीस ठाण्यात बसलेला असताना हरकतीचा अर्ज लिहायला कोणी मोकळं नसतं.

कंपनीला व्हॉल्व्ह स्टेशनसाठी कायमची जागा हवी असेल तर तो वेगळा व्यवहार, तिथे जमीन विकतच घ्यावी लागते. या दोन गोष्टी एकाच कागदात मिसळलेल्या दिसल्या तर तो कागद वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे सरकू नका.

२. सातबारावर जिवंत माणसांची नावं आणा

मुंबईकरांचं घोडं इथेच अडतं. सातबारावर आजोबांचं नाव, आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली, खाली सहा काका-आत्यांची कुटुंबं. नोटीस आजोबांच्या नावाने निघते आणि गावच्या चावडीवर लागते. अधिसूचनेचा सारांश गावात प्रसिद्ध केला की प्रसिद्धी झाली असं धरलं जातं. तुमच्या परळच्या खोलीवर कोणी कागद आणून देणार नाही.

वारस नोंदीसाठी मृत्यू दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्या वारसांची आधार कार्डं लागतात. अर्ज ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन करता येतो किंवा तलाठ्याकडे. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी आहे, गावात अजून तलाठीच म्हणतात.) फेरफार धरल्यावर हितसंबंधितांना हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आत्यांची नावं वगळून नोंद करून घेण्याचा शहाणपणा करू नका, मोबदल्याच्या वेळी तीच हरकत येऊन रक्कम अडकते.

वारस नोंद व्हायला वेळ लागतो, हरकतीचे २१ दिवस तोवर थांबत नाहीत. कायदा 'जमिनीत हितसंबंध असलेली व्यक्ती' म्हणतो, फक्त सातबारावरचा खातेदार म्हणत नाही. वारस म्हणून, कुळ म्हणून, जमीन कसणारा म्हणूनही हरकत देता येते. फेरफाराच्या अर्जाची पोच सोबत जोडा.

गावातल्या भावाला कुलमुखत्यारपत्र द्यायचं असेल तर मर्यादित द्या: हजर राहणं, अर्ज देणं, नकला घेणं. पैसे स्वीकारणं आणि संमती देणं त्यात घालू नका. टक्केवारीवर काम करणारे एजंट सर्वाधिकाराचं कुलमुखत्यारपत्र मागतात, त्यांना तर नाहीच.

३. ही फाइल बनवा

- डिजिटल सहीचा सातबारा आणि ८अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), महाभूमीच्या संकेतस्थळावरून
- गट नकाशा. हद्दीबद्दल शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज
- जुने फेरफार, कुळाची नोंद असेल तर तीही
- राजपत्राची प्रत, ई-गॅझेटवरून उतरवलेली
- ई-पीक पाहणीतली (मोबाइल अॅपवरून सातबारावर होणारी पिकांची नोंद) गेल्या तीन वर्षांची नोंद
- घर, विहीर, बोअर, गोठा यांचे पुरावे: घरपट्टीची पावती, वीजबिल, ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा
- तारखेसकट आणि ठिकाणासकट काढलेले फोटो
- आधार, पॅन, रद्द केलेला चेक

ई-पीक पाहणीकडे लोक दुर्लक्ष करतात. सातबारावर 'पड' किंवा 'गवत' लागलेलं असेल आणि प्रत्यक्षात चाळीस काजूची झाडं असतील, तर मोबदला ठरवणारा अधिकारी कागद बघतो. हंगामात गावी असणाऱ्या कोणाकडून तरी मोबाइलवरून नोंद करून घ्या.

४. हरकत: मोघम लिहिली की फेटाळली जाते

२१ दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे ते अधिसूचनेत लिहिलेलं असतं. सुरक्षित राहायचं असेल तर राजपत्राच्या तारखेपासूनच मोजा. हरकत लेखी आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्यायची असते. हा अधिकारी कोण, त्याचं कार्यालय कुठे, हे अधिसूचनेत असतं. बहुतेकदा प्रतिनियुक्तीवरचा उपजिल्हाधिकारी असतो. तहसीलदाराला, कंपनीला किंवा आमदाराला दिलेलं निवेदन हरकत म्हणून धरलं जात नाही. हाताने दिली तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. मुंबईहून पाठवायची असेल तर स्पीड पोस्ट करा आणि पोहोचल्याचा तपशील छापून ठेवा.

"आमचा या प्रकल्पाला तीव्र विरोध आहे" हे वाक्य भाषणात ठीक. हरकतीत चालतं ते कलम ७ मधलं. पुढील ठिकाणी पाइप टाकता येत नाही:

- अधिसूचनेच्या आधीपासून राहण्यासाठी वापरात असलेली जमीन
- आधीपासून उभं असलेलं पक्कं बांधकाम असलेली जमीन
- राहत्या घराला लागून असलेली, घराच्या वापरातली जागा
- जमिनीच्या पृष्ठभागापासून एक मीटरपेक्षा कमी खोलीवर

तिसरा मुद्दा कोकणात फार कामाचा आहे. घरामागचं परसू, खळं, गोठा, पाण्याची टाकी यांचा घराशी असलेला संबंध नकाशावर दाखवता आला तर मार्ग सरकवण्याची मागणी भक्कम होते. हरकतीचा मजकूर असा ठेवा:

"गट क्र. ___ मधून प्रस्तावित पट्टा माझ्या राहत्या घराच्या (घर क्र. ___) परसातून जातो. घराच्या मागील भिंतीपासून पट्ट्याची कड ४ मीटर आहे. ही जागा राहत्या घरास संलग्न असल्याने कलम ७ नुसार येथे पाइपलाइन टाकता येत नाही. सोबतच्या गट नकाशात लाल रेषेने दाखवल्याप्रमाणे मार्ग उत्तर बांधालगत २५ मीटर सरकवल्यास घर, विहीर व ११ हापूस कलमे वाचतात. प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी व जागेची पाहणी माझ्या उपस्थितीत व्हावी."

आकडा, नकाशा, पर्याय आणि सुनावणीची मागणी अशा चारही गोष्टी त्यात आहेत. पर्यायी मार्ग शेजाऱ्याच्या जमिनीतून दाखवणार असाल तर आधी शेजाऱ्याशी बोला, नाहीतर त्याची हरकत तुमच्याविरुद्ध येते. सुनावणीला स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहता येतं. निर्णयाची प्रत लेखी मागून घ्या.

५. काम सुरू होण्याआधीचा पंचनामा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. मुंबईहून एकदाच रजा काढता येणार असेल तर ती सुनावणीपेक्षाही या दिवशी काढा. पट्टा आखला की यंत्रं येतात, एका दुपारात झाडं आडवी होतात, आणि नंतर तिथे काय होतं याचा एकमेव पुरावा पंचनामा असतो.

पंचनाम्यात "आंबा, काजू व इतर झाडे" असं लिहू देऊ नका. असं लिहून घ्या: "हापूस कलमे १२, वय अंदाजे १८ वर्षे, बुंध्याचा घेर ९० सेमी, फळती. काजू वेंगुर्ला जात ९, वय ७ वर्षे. साग ४, घेर ११० सेमी. दगडी बांध ६५ मीटर, उंची सव्वा मीटर. पाण्याचा पाट ४० मीटर. तारेचे कुंपण, सिमेंटचे खांब २२." प्रत्येक झाडाला रंगाने आकडा घाला आणि आकड्यासकट फोटो काढा. फळझाडांचं मूल्यांकन कृषी खात्याकडून, इमारती लाकडाचं वन खात्याकडून, बांधकामाचं सार्वजनिक बांधकाम खात्याकडून व्हावं अशी मागणी लेखी करा.

पंच गावातलेच असतात आणि पुष्कळदा कोरी जागा असलेल्या कागदावर सह्या करून मोकळे होतात. तुम्ही सही करण्याआधी रिकाम्या ओळींवर रेघ मारा आणि तिथल्या तिथे पानांचे फोटो घ्या. मजकूर पटला नाही तर सही नाकारण्यापेक्षा सहीखाली "अमुक नोंद मान्य नाही" असं लिहिणं चांगलं. नाकारलेली सही कागदावर दिसत नाही, लिहिलेली हरकत दिसते.

अधिसूचनेनंतर घाईघाईने लावलेली झाडं किंवा उभी केलेली शेड मोबदल्यात धरली जात नाही. रातोरात रोपवाटिका आणून खड्डे भरणाऱ्यांच्या खऱ्या झाडांवरही मग संशय येतो.

६. पैसे कशाकशाचे मिळतात

दोन वेगळे हिशेब आहेत आणि कंपनीचे लोक ते एकाच आकड्यात सांगतात.

पहिला, नुकसानभरपाई. तोडलेली झाडं, उभं पीक, कामादरम्यान तुटलेला जमिनीचा तुकडा (पलीकडच्या खाचरात बैल किंवा टिलर नेता न येणं), इतर मालमत्तेचं नुकसान, आणि उत्पन्नाचं नुकसान. शेवटचा मुद्दा बागायतदारांनी सोडू नये. पट्ट्यात पुन्हा झाड लावता येत नाही, विहीर-तळं खोदता येत नाही, बांधकाम करता येत नाही. भात, नाचणी, भाजीपाला चालतो. म्हणजे भाताच्या जमिनीचं एखाददुसरं वर्ष जातं, पण कलमांच्या बागेचं त्या पट्ट्यातलं उत्पन्न कायमचं जातं. हा फरक आकड्यांत मांडा: गेल्या तीन वर्षांच्या विक्रीच्या पट्ट्या, वाशी बाजारातल्या दलालाच्या पावत्या, जे असेल ते.

दुसरा, वापर हक्काचा मोबदला: ३(१) अधिसूचनेच्या तारखेला जमिनीचा जो बाजारभाव, त्याच्या १० टक्के. उदाहरण घ्या. पट्टा ३० मीटर रुंद, तुमच्या गटातून १२० मीटर लांब जातो. क्षेत्र ३,६०० चौरस मीटर, म्हणजे ३६ आर. बाजारभाव हेक्टरी ४० लाख धरला तर ३६ आरची किंमत १४ लाख ४० हजार, आणि तुमचा हक्काचा मोबदला १ लाख ४४ हजार. वरची नुकसानभरपाई वेगळी.

इथे वाद होतो तो बाजारभावाचा. अधिकारी रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरपत्रक, धरतो. तुम्ही त्याच गावातल्या, अधिसूचनेच्या आधीच्या खरेदीखतांच्या इंडेक्स टू (नोंदणीचा गोषवारा) जोडा. त्या नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सापडतात. अधिसूचनेनंतरच्या चढ्या व्यवहारांचा उपयोग नाही.

कंपनीचं छापील संमतीपत्र नीट वाचा. "पूर्ण व अंतिम मोबदला मिळाला, पुढे कोणतीही तक्रार राहणार नाही" ही ओळ बहुतेकदा तळाशी बारीक अक्षरात असते. ती खोडून सही करा, किंवा "रक्कम हक्क राखून स्वीकारली" असं स्वतःच्या हाताने लिहा. उभ्या पिकाचे पैसे जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्याला मिळायला हवेत. खंडाने दिलेल्या शेतातल्या भाताचे पैसे मुंबईतल्या मालकाने खिशात घालणं बरोबर नाही, आणि कसणाऱ्याने हक्क सांगितला तर टिकतही नाही.

भाऊबंदकीत वाटणी ठरत नसेल तरी मागणी थांबवू नका. प्रत्येकाने आपल्या हिश्श्यापुरता दावा द्यावा. हिश्श्याचा वाद उरला तर सक्षम प्राधिकारी तो जिल्हा न्यायाधीशाकडे पाठवतो.

७. चर बुजवताना उभं राहायला माणूस हवा

भातखाचराचं खरं नुकसान वरून दिसत नाही. वर्षानुवर्षं चिखलणी करून खाचराच्या तळाशी घट्ट थर बसलेला असतो, त्यावर पाणी तुंबतं. चर खणताना तो फुटतो. माती कशीही लोटून चर बुजवला तर पुढच्या पावसात पाणी त्या रेषेतून झिरपून जातं, बाकी खाचर भरलेलं आणि मधला पट्टा कोरडा राहतो. लावणी तिथे तग धरत नाही.

म्हणून काम सुरू होण्याआधीच लेखी मागा: वरची फूटभर माती वेगळ्या ढिगात ठेवावी आणि शेवटी वरच पसरावी, चर थराथराने दाबून भरावा, जांभ्याचे फुटलेले दगड उचलून न्यावेत, बांध आणि पाट मूळ उंचीला बांधून द्यावेत. ठेकेदाराचा मुकादम "होऊन जाईल साहेब" म्हणेल. त्याचं "होऊन जाईल" कागदावर घ्या.

काम पूर्ण झाल्याच्या समाधानपत्रावर एक पावसाळा गेल्याशिवाय सही नको. कोकणच्या पावसात ताजा चर हमखास खचतो. जुलै-ऑगस्टमध्ये फोटो काढा, सक्षम प्राधिकाऱ्याला पत्र द्या, प्रत कंपनीला. पुढे दुरुस्तीसाठी कंपनीची माणसं पुन्हा आली तर, तातडीचा प्रसंग सोडून, त्यांनी वाजवी पूर्वसूचना द्यायची असते, आणि तेव्हाच्या नुकसानीचीही भरपाई मागता येते.

८. रक्कम मान्य नसेल तर

सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवलेली रक्कम कळवल्यापासून ९० दिवसांत जमीन ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हा न्यायाधीशाकडे अर्ज करायचा. साध्या दिवाणी न्यायालयात दावा लावून वेळ घालवू नका, या कायद्याने त्याला मनाई आहे. जिल्हा न्यायाधीशाने ठरवलेला मोबदला अंतिम मानला जातो, तेव्हा सगळा पुरावा तिथेच द्या, पुढच्यासाठी काही राखून ठेवू नका. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या खातेदारांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो.

सुनावणीच दिली नाही, राहत्या घराखालूनच रेषा नेली, अशा कार्यपद्धतीच्या दोषांसाठी उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. रायगड, ठाणे, पालघरची जमीन असेल तर मुंबईत, फोर्टला. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची असेल तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे. मुंबईतला वकील ठरवण्याआधी हे तपासा, नाहीतर त्याच्या प्रवासाचं बिलही तुमच्याच माथी.

कागद मिळत नसतील तर माहितीचा अधिकार वापरा: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मागायचं ते नेमकं मागा: पंचनाम्याची प्रत, मूल्यांकनाचा तक्ता, हरकतीवरचा निर्णय.

खाणवाली कंपनी असेल तर

रत्नागिरी-रायगडकडे बॉक्साइट, सिंधुदुर्गात लोहखनिज आणि सिलिका वाळू. इथे १९५७ चा खाण आणि खनिज कायदा येतो आणि वरचा १० टक्क्यांचा हिशेब गळून पडतो. जमिनीखालचं खनिज साधारणपणे सरकारचं असतं, पण खाणपट्टा मिळालेल्या कंपनीला वरच्या जमिनीच्या वापरासाठी कब्जेदाराला दरवर्षी भरपाई द्यावी लागते. शेतजमिनीसाठी ती तशाच जमिनीच्या गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ उत्पन्नावर, बिगरशेतीसाठी सरासरी भाड्यावर ठरते, आणि ठरवणारा राज्य सरकारने नेमलेला अधिकारी असतो. एकरकमी आकडा सांगणाऱ्याला विचारा: हा किती वर्षांचा? खड्डा किती खोल जाणार, माती कुठे टाकणार, शेवटी कोण बुजवणार, हे करारात आकड्यांनी लिहून घ्या.

चिरेखाणीचं (बांधकामाचे जांभ्याचे चिरे काढण्याची खाण) प्रकरण याहून लहान आणि याहून फसवं. सामाईक गटातला एकच भाऊ संमतीपत्र देतो, परवाना निघतो, आणि बाकीच्यांना गावी गेल्यावर घराएवढा खड्डा दिसतो. सामाईक जमीन असेल तर आजच जिल्हा खनिकर्म अधिकारी आणि तहसीलदाराला एक पत्र द्या: गट क्र. अमुक सामाईक आहे, सर्व सहहिस्सेदारांच्या लेखी संमतीशिवाय उत्खननाचा परवाना देऊ नये. पोच घ्या आणि सातबाऱ्याच्या फाइलला लावा.